आवळदऱ्याचा उंबर

“…आणि मधेच वाऱ्यानं ढकललं तर?”

“तर जाईल तिकडं,” माई म्हणाली.

“दरीत पडलं तर?”

“तर पडंल.”

“मधेच बॅटरी बसली तर?”

माई देवळाच्या पायरीवर बसून वाती वळत होती. हातातली वात तिनं गुडघ्यावर ठेवली आणि मान वर केली.

“अजून किती ‘तर’ हायेत तुझ्यापाशी?”

“बरेच आहेत.”

“मग निवांत सांग. मला कुठं जायचं न्हाई.”

कोंडिबानं पुढचा ‘तर’ गिळला. त्याच्या पुढ्यात, दगडी चौथऱ्यावर, एक करडं यंत्र चार पाय टेकून बसलं होतं. चिमणीपेक्षा मोठं, कावळ्यापेक्षा लहान. चार पाती, पोटाखाली एक काळा डोळा. कॅमेऱ्याचा ड्रोन. घेऊन बरेच दिवस झाले होते. आजवर एकदाही तो जमिनीवरून वीतभर वर उठला नव्हता.

रेवागिरी माई ही गोसावीण. डोंगराच्या या धारेवर, महादेवाच्या ठेंगण्या देवळात ती एकटीच राहायची. कधी आली, कुठून आली, कुणी विचारत नसे. आसपासच्या वस्त्यांतले लोक नवसाला यायचे, पोराबाळांना तिच्या पायावर घालायचे. कोंडिबा मात्र प्रश्न घेऊन यायचा. कॉलेजात शिकत होता तेव्हापासून यायचा. आता तो स्वतःच कॉलेजात शिकवत होता. इलेक्ट्रॉनिक्सचे ढेबे सर म्हणून पोरं त्याला वचकून असत. माईला तो देवाबद्दल विचारी, जन्ममृत्यूबद्दल विचारी, आणि बहुतेक वेळा तिच्या उत्तराआधी त्याचं स्वतःचं उत्तर तयार असे. माई ऐकून घ्यायची. “बरं,” म्हणायची. त्याला वाटायचं, आपण जिंकलो.

आज तो नुसते ‘तर’ घेऊन आला होता.

देवळासमोर दरी होती. दरीपलीकडं काळा कडा. कड्याच्या मध्यावर, जणू कुणी फळी ठोकावी तसा एक रुंद टप्पा होता. त्यावर हिरवळीची एक रेघ दिसायची, बस. तिथं पूर्वी धनगरांची वस्ती होती… आवळदरा. कोंडिबा तिथंच जन्मला. तो काखेत होता त्या साली पावसात दरड सुटली आणि टप्प्यावर जायची एकुलती वाट कड्यासकट खाली गेली. माणसं, म्हशी वरच्या अंगानं दोर लावून काढली. सगळ्यांना खाली सडकेकडेला जागा मिळाली. आवळदऱ्याला पुन्हा कुणी गेलं नाही. जायला वाटच उरली नव्हती.

“उडालं का रं?”

देवळाच्या ओसरीतून आवाज आला. ठकूबाई. कोंडिबाची आई. घोंगडीवर पाय पसरून, तोंड दरीकडं करून बसली होती. जीप देवळाच्या मागपर्यंत येते म्हणून तिला आणता आलं होतं.

“नाही आई. वारा जरा…”

“वारा कुठाय? माझा पदर बी हालंना.”

तिचं खरं होतं. थंडीतली सकाळ होती, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, आणि पान हलत नव्हतं.

ठकूबाईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. कडेचं सगळं मिटत आलं होतं. समोरचं तेवढं दिसायचं, फुंकणीतून बघावं तसं. ती फुंकणी दिवसेंदिवस अरुंद होत चालली होती. डॉक्टरांनी औषधं दिली होती. गेलेलं परत येणार नाही, हेही सांगितलं होतं.

दवाखान्यातून परतताना तिनं गाडीत एवढंच म्हटलं होतं, “कोंड्या, डोळं हायेत तवर येकदा उंबर दाव मला.”

आणखी काही सांगायची गरज नव्हती. कोंडिबाच्या आधीची एक मुलगी होती, तानू. तापानं गेली. घराच्या उजव्या अंगाला, टप्प्याच्या कडेशी उंबराचं झाड होतं. त्याच्या बुडाशी तिला ठेवलं होतं. वाट तुटल्यापासून ठकूबाई सडकेकडेच्या नव्या घराच्या दारात बसून कड्याकडं बघत राहायची. तिथून काही दिसायचं नाही. तरी बघायची.

दुसऱ्याच आठवड्यात कोंडिबानं ड्रोन आणला. नियम वाचले, कुठं उडवता येतं, कुठं नाही, सगळं पाहून ठेवलं. माहितीपुस्तक पाठ केलं. संगणकाच्या पडद्यावर खोटा ड्रोन उडवायचा सराव केला, खोट्या डोंगरांवरून, खोट्या वादळांतून. मग खरा ड्रोन घेऊन कॉलेजच्या मैदानावर गेला आणि पेटी न उघडताच परत आला. पुन्हा गेला. पेटी उघडली, पाती बसवली. मग पाती काढून पेटी मिटली. बायकोला म्हणाला, मैदानात पोरं खेळत होती. मैदान रिकामं होतं.

अखेर आईनंच विचारलं, “कधी न्यायचास?” आणि आज तो तिला घेऊन थेट इथं आला होता.

“ते हरवलं म्हंजे?” माईनं यंत्राकडं बोट केलं. “परत कसं यायचं?”

हा प्रश्न सोपा होता. कोंडिबा जरा सावरून बसला. आवाजात वर्गातला कोंडिबा आला.

“त्याची सोय असते, माई. संपर्क तुटला, नाहीतर बॅटरी उतरली, की ते आपलं आपण घरी परत येतं.”

“घर कसं कळतं त्याला?”

“जिथून उडतं, तेच त्याचं घर. तेवढी जागा ते लक्षात ठेवतं.”

माईनं ओसरीकडं पाहिलं. ठकूबाई पलीकडच्या कड्याकडं तोंड करून बसली होती.

कोंडिबानंही तिकडं पाहिलं…

थोड्या वेळानं माई उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. चौथऱ्यापाशी आली आणि तिनं यंत्र उचललं.

“माई, ते…”

“किती हलकं हाय रं. पाखरू जसं.”

ते दोन्ही हातांत धरून ती देवळाच्या पुढं चालत गेली, जिथं कठड्याचा एक दगड कधीच खाली गेलेला होता. तिथं उभी राहिली. मग तिनं हात पुढं केले. यंत्र दरीवर आलं. त्याच्याखाली आता काही नव्हतं, खूप खालीपर्यंत काही नव्हतं.

माईचे हात म्हातारपणानं कापायचे. नेहमीच कापायचे. यंत्राची चार पाती तिच्या हातांबरोबर लटलट हलत होती.

कोंडिबा उभा होता. दोन पावलांत त्याला तिथं पोचता आलं असतं.

तो हलला नाही.

त्याचे डोळे माईच्या बोटांवर होते, आणि छातीत काहीतरी सैल होत होतं. पडेल आता. पडलं की संपलं. आईला सांगता येईल, पडलं गं. मग घरी जाता येईल… ते काय आहे हे त्याला उमगलं, तेव्हा त्याचे कान तापले.

माई वळली. यंत्र तिच्या हातातच होतं.

“वरडला न्हाईस तू,” ती म्हणाली.

कोंडिबानं मान खाली घातली.

“मग पडायची भीती न्हाई तुला.”

“…नाही.”

“मग?”

दरीत कुठंतरी एक घार ओरडली. ठकूबाईनं ओसरीतून विचारलं, “काय झालं गं माई?” माई म्हणाली, “काय न्हाई. बस तू.” आणि ती कोंडिबाकडं बघत राहिली.

“माई…” त्याचा आवाज अगदी खाली गेला. “उंबर नसला तर?”

माई ऐकत होती.

“दरड कड्यासकट गेली होती. टप्प्याची कड किती उरली, कुणाला माहीत नाही. नकाशात पाहिलं मी, वरून काढलेले असतात ते. तिथं नुसती कड्याची सावली पडलेली दिसते. आई इतकी वर्षं डोळ्यांपुढं ते झाड घेऊन बसलीय. मी हे उडवलं, आणि तिथं काहीच नसलं… तर तिच्याजवळ आहे तेवढंही जाईल. आणि मग डोळेही जातील. शेवटचं काय पाहिलं, तर ते.”

“हा ‘तर’ पयला सांगायचा व्हता.”

“याला उत्तर आहे तुमच्याकडं?”

“न्हाई.”

कोंडिबानं चमकून वर पाहिलं. माईनं यंत्र त्याच्या हातात दिलं. आता ते त्याच्या हातात हलायला लागलं.

“हात बघा माझे,” तो म्हणाला. “जरा थांबू द्या. थांबले की उडवतो.”

“माझं बी कापत्यात,” माई म्हणाली. “ह्याच हातांनी रोज निरांजन लावते. थांबायची वाट बघितली असती, तर महादेव अंधारात बसला असता.”

ती पायरीवर जाऊन बसली आणि पुन्हा वाती वळायला लागली.

कोंडिबानं यंत्र चौथऱ्यावर ठेवलं. रिमोट हातात घेतला, त्यावर मोबाईल अडकवला. पडद्यावर चौथऱ्याचा दगड दिसला, त्यावर वाळलेलं बेलाचं पान. त्यानं रिमोटवरच्या दोन्ही काड्या आत खाली ओढल्या. पाती फिरली. पोळं उठल्यासारखा आवाज झाला, बेलाचं पान उडून गेलं, आणि पिंपळावरचे कावळे एकदम उठले.

थरथरत्या अंगठ्यानं त्यानं काडी वर ढकलली.

ते उठलं.

गुडघ्याइतकं. मग छातीइतकं. आणि तिथं हवेत थबकून राहिलं, जरासं डुलत, कुणी अदृश्य हातावर धरल्यासारखं. त्यानं ते डावीकडं नेलं, ते गेलं. उजवीकडं नेलं, आलं. देवळाभोवती एक फेरी घातली. लहान पोरासारखं हसू त्याच्या तोंडावर आलं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

“उडालं गं बया!” ठकूबाई म्हणाली. तिला दिसत नव्हतं, पण आवाज डोक्यावरून गेलेला कळला होता.

कोंडिबा तिच्याशेजारी घोंगडीवर जाऊन बसला. रिमोट तिच्या तोंडासमोर धरला, तिच्या फुंकणीच्या बरोबर पुढं. छोटासा पडदा. तिच्या नजरेत तो पुरता मावला.

“हे काय?”

“आपलं देऊळ. वरून. ही माई… हे आपण दोघं.”

“एवढुशी हाय मी?”

“आता दरीवर नेतो. घाबरू नकोस.”

“तू घाबरू नगंस.”

यंत्र कड सोडून दरीवर गेलं आणि पडद्यावरची जमीन एकाएकी नाहीशी झाली. खाली, फार खाली, झाडांची काळपट दाटी आणि तिच्यातून चमकणारी पाण्याची तार. ठकूबाईनं मुलाचा दंड धरला. आवाज बारीक होत होत गेला. देवळासमोरच्या आभाळात एक ठिपका उरला, मग तोही दिसेना.

कडा पडद्यात मोठा होत आला. काळ्या दगडावरून ओघळलेल्या पांढऱ्या रेषा, कपारीतलं गवत. मग टप्पा.

कारवी माजली होती. तिच्यातून भिंतींचे दगड डोकं काढत होते. छपरं केव्हाच गेलेली.

“हळू… हळू जा,” ठकूबाई पुटपुटली. “हा हिरव्यांच्या घरचा गोठा. ही पल्याडची खोपी, गंगू ऱ्हायची. ही मोकळी जागा, हितं म्हशी बसायच्या… थांब. थांब रं.”

दाराची चौकट उभी होती. भिंती दोन्हीकडच्या ढासळलेल्या, आणि मधे तेवढी चौकट. तिच्यातून पलीकडचं गवत दिसत होतं.

“आपलं दार,” ती म्हणाली.

कोंडिबानं ते घर कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, आठवत नव्हतं. तो बघत राहिला. आपण या उंबऱ्यावरून रांगलो असू…

“आता उजव्या अंगाला घे.”

त्याचा अंगठा काडीवर होता. हलेना.

“घे की.”

त्यानं घेतलं.

गवत. दगड. मग टप्पा संपला. कुणी भाकरीचा घास तोडावा तशी कड तुटलेली होती, आणि तिथून खाली लाल मातीचा एक लांबलचक ओरखडा दरीत उतरत गेला होता. त्यावरही आता गवत उगवलं होतं, पण ओरखडा होता.

घरामागं, जरा वर, एक दुसरं झाड दिसत होतं. हिरवंगार, घेरदार. कसलं होतं देव जाणे. ठकूबाईला त्याचं पान ओळखू आलं नसतं. कॅमेरा नुसता तिकडं वळवायचा, ‘हा बघ उंबर,’ म्हणायचं. तिनं हात जोडले असते. सगळं निभावून गेलं असतं.

कोंडिबानं माईकडं पाहिलं. माई वाती वळत होती. तिनं मान वर केली नाही.

“आये,” तो म्हणाला. लहानपणानंतर या हाकेनं त्यानं तिला कधी हाक मारली नव्हती. “आये… उंबर नाही गं. कड गेलीय सगळी.”

ठकूबाई पडद्याकडं बघत होती.

दंडावरची तिची बोटं घट्टही झाली नाहीत, सुटलीही नाहीत.

“ही माती…” ती शेवटी म्हणाली, “कुठं गेली?”

“खाली.”

“दाव.”

“आये, कशाला…”

“दाव मला.”

त्यानं यंत्र त्या लाल ओरखड्याच्या कडेकडेनं खाली उतरवायला सुरुवात केली. दगडांच्या राशी. मुळांसकट उपटलेले, वाळून पांढरे पडलेले बुंधे, एकमेकांत अडकलेले. त्यांतला एखादा उंबराचा असेल, नसेल. रिमोटनं टुंग टुंग करायला सुरुवात केली. बॅटरी उतरत आली होती.

“ते काय वाजतंय?”

“परत ये म्हणतंय.”

“जरा थांब म्हनावं.”

ओरखडा संपला तिथं सगळं काळोखं होतं. उन्हाचा तिथवर शिरकाव झाला नव्हता. ठकूबाईनं वाकून बघितलं आणि दिसेना म्हणून पडद्यावर बोट टेकवलं. बोट टेकताच चित्र उजळलं. कॅमेऱ्यानं तेवढ्या जागेचा उजेड वाढवला होता. काळोखातून पाणी वर आलं. मोठा, नितळ डोह. त्याच्या काठाशी दरडीची माती पसरून सपाट झालेली, तिच्यावर लव्हाळं दाट उभं.

“पाण्यापाशी,” ठकूबाई म्हणाली.

तिचं बोट पडद्यावरच होतं.

“तिला पाण्याची लई हौस रं. झऱ्यावर घागर भराय गेलं, का ही बसायची पाण्यात. उठवलं का भोकाड पसरायची. म्या मारायची तिला… चल गं, म्हशी खोळंबल्यात… उठायचीच न्हाई.”

रिमोट टुंगटुंगत होता.

“पाण्यापाशी गेली व्हय गं बाय…”

कोंडिबाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दोन्ही हात रिमोट धरण्यात अडकलेले, त्यामुळं त्याला ते पुसता येत नव्हतं. त्यानं काड्या सोडून दिल्या होत्या. तिकडं डोहावर यंत्र आपलं आपण थबकून उभं होतं. पाण्यावर त्याच्या वाऱ्याची बारीक चकती थरथरत होती.

मग पडद्यावर अक्षरं उमटली आणि यंत्र आपलं आपण वर चढायला लागलं. डोह लहान झाला. ओरखडा, टप्पा, चौकट, सगळं पडद्यातून खाली खाली घसरत गेलं. ठकूबाई ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. मग तिनं पडद्यावरचं बोट उचललं आणि मुठीत धरलं.

थोड्या वेळानं पोळ्याचा आवाज आला. आभाळात ठिपका दिसला. यंत्र देवळावर आलं, घुटमळलं आणि चौथऱ्यावर उतरलं. पाती थांबली. सगळं एवढं शांत झालं, की निर्माल्यावर घोंगावणारी एक माशी ऐकू यायला लागली.

कोंडिबा उठून चौथऱ्यापाशी गेला. यंत्र उचललं. गरम होतं. त्याच्या लक्षात आलं, आपले हात कापत नाहीयेत. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

तो माईपाशी, खालच्या पायरीवर जाऊन बसला.

“मी तिचं झाड नेलं, माई.”

माई वात वळत होती.

“खोटं सांगता आलं असतं. दुसरं झाड होतं तिथं. तोंडाशी आलं होतं माझ्या.”

“बरं,” माई म्हणाली.

“आता रोज बसेल ती दारात कड्याकडं तोंड करून. डोळे जातील. पुढ्यात काय असेल तिच्या? झाड तर गेलं… ती तुटलेली कड? की तो डोह? तानू तरी कशी दिसत असेल तिला, इतक्या वर्षांनी? माई, मला काहीतरी सांगा. मी काय केलं हे मला कळत नाहीये.”

शेवटचे शब्द जरा मोठ्यानं निघाले.

ओसरीत ठकूबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. पाय पोटाशी घेतलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, पाण्यात उतरताना खोचतात तसं. ओठ हलत होते. कुणालातरी ती काहीतरी सांगत होती, समजावून, पुन्हा पुन्हा.

माईनं कोंडिबाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“हळू बोल,” ती म्हणाली. “ती अजून पाण्यावरनं आलेली न्हाई.”